मेंदूचे विकार व त्यांचे निदान

मेंदूचे विकार व त्यांचे निदान : कवटीच्या बंद पोकळीतील मेंदूच्या रचनेत, रक्तपुरवठ्यात अथवा कार्यात बिघाड झाल्यामुळे उद्‌भवणाऱ्या विकारांचा यात समावेश होतो. पक्षाघात (शरीराची एक बाजू लुळी पडणे), अपस्मार (फेफरे), मस्तिष्कावरणशोथ (मेंदूच्या आवरणांची दाहयुक्त सूज), कंपवात, अर्बुदे (नवीन कोशिकांच्या अतिवाढीने बनलेल्या गाठी), स्मृतिभ्रंश व डोक्याच्या इजा हे त्यांतील नेहमी आढळणारे विकार होत. हृदयाचे ठोके ऐकता येतात, पोट चाचपता येते, घसा डोळ्यांनी पाहता येतो; मेंदूपर्यंत मात्र वैद्याचा हात पोहोचत नाही. त्यामुळे मेंदूच्या विकाराचे निदान हे मूलतः अनुमानाचे काम आहे. शरीरावर दिसणाऱ्या चिन्हांवरून बिघाड कोठे आहे ते आधी ठरवावयाचे, लक्षणे ज्या गतीने वाढली त्या गतीवरून तो कशाचा असावा याचा तर्क करावयाचा आणि मग त्या तर्काची परीक्षा करणारी चाचणी निवडावयाची, हा क्रम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. मेंदूची चित्रे घेणारी यंत्रे आल्यानंतर त्यातील पहिल्या दोन पायऱ्या गाळण्याचा मोह वाढला आहे. पण त्या गाळल्या असता काय होते ते पुढील काही उदाहरणांवरून दिसून येईल.

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सु. १,३०० ते १,४०० ग्रॅ., म्हणजे शरीराच्या वजनाच्या सु. २% असते, परंतु विश्रांत अवस्थेत शरीर वापरीत असलेल्या ऑक्सिजनापैकी सु. २०% ऑक्सिजन एकट्या मेंदूस लागतो. ऑक्सिजन वा ग्लुकोज यांचा म्हणण्यासारखा साठा मेंदूत नसतो. रक्तप्रवाह पूर्ण थांबल्यास दहा-बारा सेकंदांत शुद्ध हरपते व काही मिनिटांत कोशिका कायमच्या मरू लागतात. दुसरी अडचण कवटीची. ती मेंदूचे रक्षण करते, पण प्रौढपणी ती ताणली जात नाही. त्यामुळे आत रक्त साचले, गाठ वाढली किंवा मस्तिष्क-मेरुद्रव (मेंदू व मेरुरज्जू यांच्याभोवतीचा पाण्यासारखा द्रव) तुंबला की, आतील दाब वाढतो आणि मूळ बिघाडापासून दूर असलेले भागही दडपले जातात. डोकेदुखी, वांती व डोळ्याच्या मागील पडद्यावरील तंत्रिकेच्या मुखाशी येणारी सूज ही दाबवाढीची जुनी व आजही भरवशाची लक्षणे आहेत.

स्थाननिदान : फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद पॉल ब्रॉका यांनी १८६१ मध्ये, बोलता न येणाऱ्या पण इतरांचे बोलणे समजणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूचे मरणोत्तर परीक्षण करून डाव्या प्रमस्तिष्क गोलार्धाच्या पुढील भागात विकृती असल्याचे दाखविले. मेंदूच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे असतात, या कल्पनेस त्यामुळे ठोस आधार मिळाला. प्रमस्तिष्काच्या एका गोलार्धातील प्रेरक तंतू लंबमज्जेत ओलांडून विरुद्ध बाजूस जात असल्याने डाव्या गोलार्धातील बिघाडाने उजवे हातपाय लुळे पडतात. आणि बहुतेक उजवखोऱ्या माणसांत भाषेचे केंद्र डावीकडे असल्याने वाचाही जाते. निमस्तिष्क (लहान मेंदू) बिघडल्यास शक्ती शाबूत राहूनही तोल व हालचालींचा मेळ सुटतो आणि तोही त्याच बाजूचा. मस्तिष्क स्तंभातील विकारात चेहऱ्याची एक बाजू व हातापायांची दुसरी बाजू अशी तिरकस जोडी पुष्कळदा आढळते. अशा जोड्यांवरून अनुभवी वैद्य गुडघ्यावर मारण्याची रबरी हातोडी, टाचणी, विजेरी व कंपनद्विशूल एवढ्याच साधनांनी बिघाडाची जागा बरीचशी नेमकी सांगू शकतो. मात्र दाब वाढलेला असता सहावी मस्तिष्क तंत्रिका ताणली जाऊन डोळा तिरळा होतो. तेवढ्यावरून बिघाड त्या तंत्रिकेपाशीच आहे असे मानल्यास फसगत होते.

कालक्रम व हकिगत : बिघाडाची जागा तपासणीवरून कळते, तर त्याचे स्वरूप हकिगतीवरून. काही सेकंदांत वा मिनिटांत सुरू होणारा विकार बहुधा रक्तवाहिनीचा किंवा अपस्माराचा असतो. काही तासांत किंवा दिवसांत वाढणारा जंतुसंसर्गाचा. आठवडे वा महिने घेणारा गाठीचा किंवा क्षयाचा. वर्षानुवर्षे सरकत जाणारा कोशिकांच्या ऱ्हासाचा. या नियमास अपवाद आहेत. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचण्याचा विकार वृद्धांत किरकोळ धक्क्यानंतर आठवड्यांनी प्रकट होतो. तोवर तो धक्का रुग्ण विसरलेलाही असतो.

हकिगत घेताना लोकभाषेतील शब्द जसेच्या तसे स्वीकारून चालत नाही. ‘चक्कर आली’ असे सांगणाऱ्या माणसास भोवतालचे जग फिरताना दिसले, डोळ्यांपुढे अंधारी आली, की चालताना तोल गेला, हे विचारावेच लागते; कारण पहिल्याचे मूळ बहुधा अंतर्कर्णात, दुसऱ्याचे हृदयात वा रक्तदाबात, तर तिसऱ्याचे निमस्तिष्कात असू शकते. ‘अंगावरून वारे गेले’ हा पक्षाघातासाठीचा मराठी वाक्प्रचार विकाराच्या आकस्मिकतेचे अचूक वर्णन करतो. पण वाऱ्यावर उपाय नाही अशी त्यातील गर्भित समजूत घातक आहे, कारण त्यामुळे उपचाराचे पहिले तास वाया जातात. ‘झटका’ हा शब्द तर हृदयविकार, अपस्मार व पक्षाघात या तिहींसाठी वापरतात.

अपस्मारात रुग्णास स्वतःच्या झटक्याची आठवण सहसा नसते. त्यामुळे प्रत्यक्ष पाहणाऱ्याचे निवेदन हाच निदानाचा मुख्य आधार ठरतो. घरच्या माणसाने टिपलेले भ्रमणध्वनीवरील चलच्चित्र त्याहूनही चांगले. हातात लोखंड देणे, कांदा वा चप्पल हुंगविणे हे उपाय महाराष्ट्रात अद्याप आढळतात. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. त्याचे श्रेय कांद्याला मिळते आणि रुग्ण वैद्याकडे जाण्याचे लांबते. रुग्णास कुशीवर वळविणे, तोंडात काहीही न घालणे व झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास रुग्णालयात नेणे, एवढेच अशा वेळी इष्ट असते. [⟶ अपस्मार].

निरीक्षणाचे मोल : केवळ रुग्णाजवळ बसून केलेल्या निरीक्षणातून नवा विकार कसा ओळखला जातो याचे एक ठळक उदाहरण मुंबईतील आहे. डॉ. नोशीर वाडिया (१९२५–२०१६) यांनी इंग्लंडमधील प्रशिक्षणानंतर १९५७ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालय येथे तंत्रिकाविज्ञानाचा विभाग सुरू केला. चालण्याचा तोल क्रमाने बिघडत जाणारे, आनुवंशिक स्वरूपाचे विकार त्यापूर्वीही माहीत होते. परंतु ते परस्परांत इतके मिसळलेले होते की, त्यांचे वर्गीकरण प्रत्येक लेखक आपल्या पद्धतीने करी. वाडिया यांच्या पाहण्यात आलेल्या काही कुटुंबांतील रुग्णांत मात्र एक निराळी गोष्ट होती. निरोगी माणूस एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे नजर वळवितो तेव्हा बुबुळे क्षणार्धात उडी घेतात. ही उडी पाहणाऱ्यास जवळजवळ टिपता येत नाही. या रुग्णांची बुबुळे तोच प्रवास सावकाश, जणू एखाद्या दाट द्रवातून सरकत असल्याप्रमाणे करीत. त्यांची दृष्टी चांगली होती आणि डोळ्यांचे स्नायू लुळे नव्हते. नजर वळविण्यास लागणारा विलंब भरून काढण्यासाठी काही जण डोळ्यांऐवजी मानच वळवीत.

वाडिया व आर्. के. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांचे वर्णन १९७१ मध्ये ब्रेन या इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध केले व हा आनुवंशिक ऱ्हासाचा स्वतंत्र प्रकार असल्याचे प्रतिपादन केले. डोळ्यांच्या उडीचा वेग मस्तिष्क स्तंभातील एका विशिष्ट कोशिकासमूहावर अवलंबून असतो. तेव्हा तोल जाणे हे निमस्तिष्काचे व मंद नजर हे मस्तिष्क स्तंभाचे लक्षण एकत्र आढळल्यास ऱ्हास दोन्ही ठिकाणी पसरला असला पाहिजे, हे स्थाननिदान त्यातून निघते. पुढे १९९६ मध्ये बाराव्या रंगसूत्रावरील एका जनुकात या विकाराचे मूळ सापडले. जनुकीय संकेतातील तीन घटकांचा एक गट तेथे ओळीने अनेकदा येतो. सामान्य माणसांत ही पुनरावृत्ती बहुधा २२ वेळा असते व रोगात ती ३३ किंवा त्याहून अधिक होते. वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशा सहा भारतीय कुटुंबांचे जनुकीय परीक्षण त्याच नियतकालिकात प्रसिद्ध करून मंद नजरेचे निदानमूल्य पुन्हा दाखवून दिले. रुग्णशय्येजवळ ओळखलेला प्रकार प्रयोगशाळेत खरा ठरण्यास सत्तावीस वर्षे लागली.

या शोधाने एक नवा पेचही उभा केला. हा विकार असणाऱ्या माता वा पित्याच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता निम्मी असते. ज्याला अद्याप काहीच होत नाही अशा तरुण मुलास वा मुलीस रक्ताच्या चाचणीने हे भविष्य आधी सांगता येते. पण ऱ्हास थांबविणारा उपचार आज उपलब्ध नाही. म्हणून लक्षणपूर्व चाचणी ही सज्ञान व्यक्तीने, पुरेशा समुपदेशनानंतर, स्वेच्छेनेच करून घ्यावयाची असते. विवाह ठरविताना समोरच्या पक्षाच्या आग्रहावरून ती करून घेणे सर्वथा अनुचित होय.

चित्रण व इतर साधने : क्ष-किरणांच्या साध्या चित्रात कवटी दिसते, मेंदू दिसत नाही. वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून त्यांची चित्रे घेतली, तर एगास मोनीझ यांनी १९२७ मध्ये रक्तवाहिन्यांत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव सोडून त्या दृश्यमान केल्या. हवा भरण्याची पद्धत रुग्णास अतिशय क्लेशकारक होती व ती आता नामशेष झाली आहे. हान्स बेर्गर यांनी १९२९ मध्ये डोक्याच्या त्वचेवरून मेंदूतील विद्युत् प्रवाहांचे आलेखन (विद्युत् मस्तिष्कालेखन) केल्याचे प्रसिद्ध केले. अपस्माराचा प्रकार ठरविण्यास हा आलेख उपयोगी पडतो. परंतु झटके नसताना काढलेला पहिला आलेख अनेक रुग्णांत निर्दोष येतो, तेव्हा निर्दोष आलेखावरून अपस्मार नाही असे म्हणता येत नाही.

ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनजवळील ॲट्‌किन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हौन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे संगणकीय छेदचित्र (सीटी स्कॅन) काढण्यात आले. या कार्याबद्दल त्यांना व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. चुंबकीय अनुस्पंदन चित्रणात (एम्आर्आयमध्ये) क्ष-किरण वापरावे लागत नाहीत व मृदू ऊतकांतील सूक्ष्म भेदही दिसतात. त्याच्या विकासाबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे पारितोषिक देण्यात आले. या चित्रांनी तंत्रिकावैद्यकाचा कायापालट केला यात संशय नाही. तथापि निरोगी माणसांच्या मेंदूतही वयोमानाने ठिपके, लहान द्रवकोश व आकुंचन दिसतेच. साध्या डोकेदुखीसाठी काढलेल्या चित्रात असा ठिपका निघाला की, कुटुंब महिनोन्‌महिने भीतीखाली वावरते. लक्षणांशी जुळत नसलेले चित्र हे निदान नव्हे.

पक्षाघात मात्र असा विकार आहे की, त्यात यंत्रावाचून चालत नाही. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली काय अथवा फुटली काय, वरून दिसणारा रुग्ण सारखाच असू शकतो आणि उपचार तर परस्परविरुद्ध : पहिल्यात गुठळी विरघळविणारे औषध द्यावयाचे, तेच दुसऱ्यात दिल्यास प्राण जाण्याचा धोका. सीटी स्कॅनमध्ये ताजे रक्त पांढरे दिसते व हा प्रश्न काही मिनिटांत सुटतो. पी. एम्. दलाल व सहकाऱ्यांनी मुंबईत २००५-०६ मध्ये केलेल्या नोंदणीत पहिल्यांदाच पक्षाघात झालेल्यांपैकी सु. ८०% रुग्णांत रक्तवाहिनी बंद झालेली होती व सु. १८% रुग्णांत रक्तस्राव होता. गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी रक्तवाहिनी बंद असल्यास नळीवाटे गुठळी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही करता येते. तरी लवकर केल्यास लाभ अधिक. येथे घरच्यांनी सांगितलेली वेळ निर्णायक असते. रुग्ण सकाळी उठताना लुळा आढळल्यास ‘शेवटचा धडधाकट कधी पाहिला’ ती वेळ धरतात. तोंड वाकडे होणे, एक हात वर धरता न येणे व बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण अचानक उद्‌भवल्यास, ज्या रुग्णालयात सीटी स्कॅनची अहोरात्र सोय आहे तेथेच थेट जावे. तपासणीविना रक्त पातळ करणारी गोळी घरी देऊ नये.

क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ : भारतात अनुमान, द्रवपरीक्षा व चित्रण या तिन्हींची कसोटी लागते ती या विकारात. रॉबर्ट व्हिट यांनी १७६८ मध्ये मुलांतील या आजाराचे वर्णन केले, तेव्हा त्याचे कारण माहीत नव्हते. आरंभ फसवा असतो. मूल चिडचिडे होते, खेळणे सोडते, बारीक ताप येतो, भूक मंदावते. एक-दोन आठवड्यांनी वांती, डोकेदुखी व मान ताठरणे सुरू होते. पुढे तिरळेपणा, आकडी, अर्धांग व बेशुद्धी. पहिल्या टप्प्यात उपचार मिळालेल्यांपैकी बहुतेक वाचतात. बेशुद्धीत दाखल झालेल्यांपैकी पुष्कळसे दगावतात आणि उरलेल्यांत अंधत्व, बहिरेपणा वा मतिमंदत्व राहू शकते. पहिल्या टप्प्यातील लक्षणे मात्र कोणत्याही साध्या तापासारखीच असतात, हीच या विकाराच्या निदानातील खरी अडचण आहे.

हाइन्‍रिख क्‍विंके यांनी १८९१ मध्ये रूढ केलेल्या कटिवेधनाने (कंबरेतील मणक्यांमधून सुई घालून) मस्तिष्क-मेरुद्रव काढता येतो. ‘पाठीतले पाणी काढले की माणूस पांगळा होतो’ या भीतीने नातेवाईक अनेकदा नकार देतात. ही भीती निराधार आहे, कारण सुई घालतात त्या पातळीच्या वरच मेरुरज्जू संपलेला असतो. मात्र मेंदूत मोठी गाठ असताना द्रव काढणे धोक्याचे ठरते, म्हणून संशय असल्यास आधी चित्र काढतात. पूजनक जंतूंमुळे झालेल्या शोथात द्रव गढूळ असतो. क्षयात तो बहुधा स्वच्छ दिसतो, ठेवून दिल्यास त्यावर कोळिष्टकासारखी जाळी धरते, लसीका कोशिका व प्रथिने वाढलेली आणि ग्लुकोज घटलेले आढळते. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू क्वचितच सापडतात व त्यांच्या संवर्धनास आठवडे लागतात. जंतूंचे जनुकीय द्रव्य काही तासांत ओळखणाऱ्या चाचणीस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या द्रवाच्या परीक्षेसाठी प्राधान्य दिले. ती होकारार्थी आल्यास निदान जवळजवळ निश्चित होते. नकारार्थी आल्यास क्षय नाही असे मात्र ठरत नाही. म्हणून घरातील कोणास क्षय होता काय हा प्रश्न, छातीचे चित्र, द्रवाचे स्वरूप आणि मेंदूच्या तळाशी साचलेला स्राव, फुगलेल्या पोकळ्या वा क्षयगाठी दाखविणारे चित्र ही सर्व एकत्र ठेवून वैद्य निर्णय घेतो व चाचणीची वाट न पाहता उपचार सुरू करतो. वाट पाहण्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

द्रवपरीक्षाही फसवू शकते हे मुंबईतच दिसून आले. बालरोगतज्ञ पी. एम्. उदानी व तंत्रिका-विकृतिवैज्ञानिक दाराब दस्तूर यांनी आकडी व बेशुद्धी असलेल्या, पण द्रवात शोथाच्या खुणा नसलेल्या वा अल्प असलेल्या क्षयग्रस्त मुलांचा अभ्यास केला. या मुलांच्या मेंदूच्या मरणोत्तर परीक्षणात पांढऱ्या द्रव्यास सूज व हानी आढळली. आवरणांचा शोथ असो वा नसो, क्षयामुळे मेंदूच्या ऊतकाचीही हानी होते, हे त्यांनी १९६६ व १९७० मधील निबंधांतून मांडले.

स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध १९४४ मध्ये जाहीर होईपर्यंत या रोगाचे निदान म्हणजे मृत्यूची सूचनाच असे. औषध आले तरी ते सुरुवातीस परदेशातून मागवावे लागे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन होऊन १९५५ मध्ये तेथे पेनिसिलिनाचे व पुढे स्ट्रेप्टोमायसिनाचेही उत्पादन सुरू झाले. आज उपचारात आयसोनियाझिड, रिफँपिसीन इ. औषधे सामान्यतः सु. वर्षभर देतात व आरंभी सूज कमी करणारी स्टेरॉइडे जोडतात. अर्धवट प्रतिजैव उपचार हे मात्र निदानाचे मोठे विघ्न ठरले आहे : तापासाठी चार दिवस घेतलेल्या गोळ्यांनी पूजनक शोथातील द्रव स्वच्छ होऊ लागतो आणि तो क्षयासारखा दिसतो. म्हणून आधी घेतलेल्या औषधांची पाकिटे सोबत नेणे हे कोणत्याही कागदपत्राइतकेच महत्त्वाचे असते. जन्मतः दिलेली बीसीजी लस मुलांतील या विकाराविरुद्ध बऱ्यापैकी संरक्षण देते.

विषाणुजन्य मस्तिष्कशोथात परिस्थिती वेगळी. १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातील ज्वराच्या रुग्णांपासून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (सध्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने) वेगळा केलेला चांदीपुरा विषाणू जवळजवळ चार दशके दुर्लक्षित राहिला. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात मुलांतील मस्तिष्कशोथाच्या साथीशी त्याचा संबंध जोडला गेला. वालुमक्षिकांवाटे पसरणाऱ्या या रोगात ताप, आकडी व बेशुद्धी यांचा क्रम एक-दोन दिवसांत पुरा होतो. त्यावर खास औषध नाही.

व्यवसाय व आहार : पवना नदीकाठचे, एके काळी शेतीचे गाव असलेले रहाटणी आज पिंपरी-चिंचवडचे दाट वस्तीचे उपनगर आहे आणि आसपासचा भोसरी ते चाकण हा पट्टा ओतकाम, जोडकाम (वेल्डिंग), रंगकाम व विद्युत् घटमाला यांच्या कारखान्यांनी व्यापलेला आहे. अशा भागातील वैद्याने ‘काम काय करता’ हा प्रश्न नाव-वयानंतर लगेच विचारावयास हवा. नुसते ‘कंपनीत’ हे उत्तर पुरेसे नाही. हाताखाली कोणता पदार्थ असतो, जागा बंदिस्त आहे काय, धूर ओढून नेणारा पंखा चालतो काय, हे कळले पाहिजे. याचे कारण कंपवाताच्या निदानात दिसते.

नेहमीच्या कंपवातात मेंदूतील कृष्णद्रव्याच्या कोशिका नष्ट होतात. एका हाताचा विश्रांत अवस्थेतील कंप, मंदावलेल्या हालचाली, ताठरपणा, बारीक होत जाणारे हस्ताक्षर ही त्याची लक्षणे होत आणि लेव्होडोपा या औषधाने स्पष्ट उतार पडतो. निदान तपासणीवरूनच होते. साधे चित्र बहुधा निर्दोष असते. एन्. ई. भरुचा व सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर फिरून १४,०१० व्यक्तींची जी पाहणी केली व १९८८ मध्ये प्रसिद्ध केली, तीत दर लाखात सु. ३२८ व्यक्तींना कंपवात आढळला. या समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे असल्याने हा आकडा इतर समाजांशी सरळ ताडून पाहता येत नाही. परंतु कंपवातासारखेच चित्र मँगॅनिजाच्या विषबाधेतही दिसते. स्कॉटलंडमध्ये मँगॅनीज धातुक दळणाऱ्या कामगारांत जॉन कूपर यांनी १८३७ मध्येच तिचे वर्णन केले होते. खाणी, मिश्रपोलादाचे कारखाने व कोंदट जागेतील जोडकाम येथे ही धूळ वा धूर श्वासावाटे शरीरात जातो. या विषबाधेत विश्रांतीतील कंप कमी, मागे तोल जाऊन पडणे व चवड्यांवर चालणे अधिक, वय तुलनेने तरुण आणि लेव्होडोपाचा उपयोग अल्प वा शून्य असतो. मेंदूच्या खोल भागातील एका केंद्रकात मँगॅनीज साचल्याची खूण एम्आर्आयमध्ये दिसते. संपर्क थांबल्यावर काही महिन्यांत ती पुसट होते, अपंगत्व मात्र राहू शकते. अर्थात उशिरा काढलेल्या चित्रात काहीच सापडत नाही व कामाची चौकशी झालेली नसल्यास रुग्णावर नेहमीच्या कंपवाताचा शिक्का बसतो. त्याहून मोठी हानी अशी की, त्याच्या शेजारी उभा राहून काम करणारा कामगार त्याच हवेत श्वास घेत राहतो. पाळ्यांच्या कामामुळे झोप मोडणे हेही अपस्माराच्या रुग्णात झटक्यांचे निमित्त होते.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णात आधी भरून येण्याजोगी कारणे शोधावीत असा दंडक आहे. अवटू ग्रंथीची मंदता, आवरणाखालील रक्तसंचय, औषधांचा परिणाम, विषण्णता आणि ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता ही त्यांतील प्रमुख होत. शेवटचे कारण महाराष्ट्रात विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुण्यातील के. ई. एम्. रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतील व मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सु. ६७% पुरुषांत या जीवनसत्त्वाची रक्तातील पातळी कमी आढळली. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सु. ८१% होते. शाकाहार हे त्याचे मुख्य कारण होय. पातळी कमी असणाऱ्या प्रत्येकास विकार होतोच असे नाही, आणि म्हणूनच विस्मृतीच्या रुग्णात ती कमी निघाली एवढ्यावर शोध थांबवू नये. पण साध्या इंजेक्शनाने सुधारू शकणारा रुग्ण ‘वयोमान’ म्हणून सोडून देणे त्याहून वाईट.

मस्तिष्क स्तंभ मृत्यूचे निदान : डोक्याची गंभीर इजा वा मोठा रक्तस्राव यांनंतर हृदय व कृत्रिम श्वसन चालू असताही मेंदू पूर्णपणे निकामी झालेला असू शकतो. मानवी अवयव प्रतिरोपणाच्या १९९४ च्या कायद्याने, जो महाराष्ट्रातही लागू आहे, मस्तिष्क स्तंभाचा मृत्यू हा मृत्यू म्हणून मान्य केला. त्याचा निर्णय चार वैद्यांच्या मंडळाने करावयाचा असतो व किमान सहा तासांच्या अंतराने तपासणी दोनदा करावी लागते. बेशुद्धीचे कारण निश्चित व अपरिवर्तनीय आहे, आणि गुंगीची औषधे, अतिशीतता वा चयापचयातील बिघाड यांचा परिणाम नाही, याची खात्री आधी करतात. मग विजेरीच्या प्रकाशाने बाहुल्या आकसतात काय, कापसाने बुबुळास स्पर्श करता पापणी मिटते काय, कानात बर्फाचे पाणी सोडले असता डोळे हलतात काय, घशात नळी फिरविता खोकला येतो काय, हे पाहतात आणि शेवटी कृत्रिम श्वसन थांबवून, रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड ठराविक पातळीपर्यंत वाढूनही रुग्ण आपणहून श्वास घेतो काय, याची परीक्षा करतात. या निदानासाठी कोणतेही चित्र वा आलेख कायद्याने आवश्यक ठरविलेला नाही.